'कऱ्हाड'ची लांबी किती? स्ट्रिंगचं संदर्भ डॉक्युमेंटेशन सुधारण्याची पद्धत

तासगावच्या बेदाणा सौद्यांची बिलं छापणारा प्रोग्रॅम असो, साखर कारखान्याची ऊसनोंद असो की दूध संस्थेचा सभासद तक्ता, त्यात शेतकऱ्याचं नाव, गाव आणि तालुका मराठीत असतात. प्रोग्रॅमच्या लेखी या सगळ्या स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचे तुकडे. नाव रकान्यात बसत नाही, शेवटची वेलांटी गळते, डोळ्यांसमोर असलेलं गाव शोधून सापडत नाही, यादी वर्णक्रमाने लागत नाही. मग प्रोग्रॅमर भाषेचं संदर्भ पान उघडतो. तो तिथे शिकायला आलेला नसतो. त्याचं काम अडलेलं असतं आणि एका प्रश्नाचं नेमकं उत्तर हवं असतं. "स्ट्रिंगची लांबी परत देतं" एवढंच तिथे लिहिलेलं असेल, तर तो आला तसाच परत जातो.

स्ट्रिंगच्या डॉक्युमेंटेशनमधला सर्वांत महाग पडणारा दोष म्हणजे मोजमापाचं एकक न सांगणं. लांबी कशात मोजली, तुकडा कुठे पडला, 'अक्षर' कशाला म्हटलं हे पानावर नसेल, तर खाली कितीही उदाहरणं दिली तरी ती इंग्रजी शब्दांपुरतीच खरी ठरतात. सातारा-सांगलीकडच्या प्रोग्रॅमरांजवळ हा दोष पकडण्याचं उत्तम साधन आहे: आपल्याच गावांची नावं. ती वापरून एखाद्या भाषेचं स्ट्रिंग डॉक्युमेंटेशन कसं तपासायचं, कसं लिहायचं आणि बदल कसा पाठवायचा, ते इथे क्रमाने दिलं आहे. फंक्शनांची नावं लेखात देवनागरीत आहेत. पानावर ती अर्थातच मूळ स्पेलिंगनेच लिहायची.

आधी चाचणीचा संच तयार करा

पान उघडण्याआधी एक छोटी फाइल करा आणि पुढच्या स्ट्रिंग तिच्यात ठेवा. प्रत्येकीपुढे कोडपॉइंट (यूनिकोड या संकेतसंचाने प्रत्येक चिन्हाला दिलेला क्रमांक), यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीतले बाइट आणि डोळ्यांना दिसणारी अक्षरं असे तीन आकडे स्वतः मोजून लिहा. हे काम एकदाच करावं लागतं आणि पुढे प्रत्येक फंक्शनला उपयोगी पडतं.

- सातारा: ६ कोडपॉइंट, १८ बाइट, ३ दिसणारी अक्षरं. प्रत्येक काना हा वेगळा कोडपॉइंट.
- सांगली: ६, १८, ३. 'सां' या एका अक्षरात तीन कोडपॉइंट आहेत.
- मिरज: ४, १२, ३. वेलांटी दिसते आधी, पण साठवली जाते 'म'च्या नंतर.
- फलटण आणि जत: काना-मात्रा नसलेली नावं. तुलनेसाठी अत्यंत महत्त्वाची. कारण पुढे येईल.
- महाबळेश्वर: १० कोडपॉइंट, ३० बाइट, 'श्व' या जोडाक्षरासाठी.
- कवठेमहांकाळ: ११ कोडपॉइंट, ३३ बाइट, ७ दिसणारी अक्षरं.
- कऱ्हाड, तीन प्रकारे साठवलेलं. याबद्दल खाली स्वतंत्र भाग आहे.
- सांगलीचा पिन कोड देवनागरी अंकांत, ४१६४१६, आणि तोच इंग्रजी अंकांत.
- रिकामी स्ट्रिंग, नुसती एक स्पेस, न तुटणारी स्पेस (यू+००ए०), शून्य रुंदीची स्पेस (यू+२००बी) आणि एक हसरा इमोजी (यू+१एफ६००).

देवनागरीतला प्रत्येक कोडपॉइंट यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतो, त्यामुळे हिशेब सोपा आहे. इमोजी मात्र ४ बाइटचा आहे आणि यूटीएफ-१६ या दुसऱ्या पद्धतीत, जिथे एकक २ बाइटचं असतं, तो दोन एककं घेतो. एवढ्यासाठीच तो संचात हवा: जावास्क्रिप्ट आणि पायथॉन 'सातारा'ची लांबी दोघंही ६ सांगतात, पण इमोजीला जावास्क्रिप्ट २ म्हणतं आणि पायथॉन १. फक्त मराठी नावांवर तपासणी थांबवली, तर हा फरक निसटतो.

एकक पहिल्या वाक्यात आणा

आता लांबीचं फंक्शन घ्या. एकच 'सातारा' वेगवेगळ्या भाषांना दिला तर उत्तरं अशी येतात: पायथॉनचं लेन ६ सांगतं, ते कोडपॉइंट मोजतं. जावा आणि जावास्क्रिप्टची लेंग्थ ६ सांगते, ती यूटीएफ-१६ एककं मोजते. गो आणि रस्टचं लेन १८ सांगतं, म्हणजे बाइट. स्विफ्टचं काउंट ३ सांगतं, म्हणजे दिसणारी अक्षरं. पीएचपीमध्ये तर तीन वेगळी फंक्शनं आहेत: स्ट्रलेन १८, एमबी-स्ट्रलेन ६, ग्राफिम-स्ट्रलेन ३. यातलं एकही उत्तर चूक नाही. चूक तेव्हा होते, जेव्हा पान कोणतं मोजमाप दिलं ते सांगत नाही.

चांगला नमुना पाहायचा तर रस्टचं पान पाहावं. तिथे लेनच्या नोंदीतच म्हटलं आहे की ही लांबी बाइटमध्ये आहे, माणूस जिला लांबी म्हणेल ती ही असेलच असं नाही. पायथॉनमध्ये स्ट्रिंग म्हणजे यूनिकोड कोडपॉइंटांची मालिका, हे लिहिलेलं आहे, पण ते स्ट्रिंग या प्रकाराच्या भागात. लेनच्या नोंदीत फक्त 'घटकांची संख्या' एवढंच येतं. माहिती आहे, पण वाचक जिथे उतरतो तिथे नाही. डॉक्युमेंटेशन सुधारण्याचं निम्मं काम हे असंच असतं: नवं शोधून काढायचं नसतं, खरी गोष्ट योग्य नोंदीपर्यंत आणून ठेवायची असते.

नोंद अशी लिहिता येईल:

> लेन(मजकूर): मजकुरातल्या कोडपॉइंटची संख्या देतं. बाइट किंवा डोळ्यांना दिसणारी अक्षरं मोजत नाही. 'सांगली'साठी उत्तर ६ येतं, कारण काना, अनुस्वार आणि वेलांटी वेगवेगळे मोजले जातात. बाइट हवे असतील तर आधी एन्कोड करून त्याची लांबी घ्या. रिकाम्या मजकुरासाठी ०.

पाच वाक्यं झाली. यात एकक आहे, काय मोजलं जात नाही ते आहे, खरं उदाहरण आहे, पर्यायी वाट आहे आणि कडेची स्थिती आहे.

'दिसणारी अक्षरं' मोजणाऱ्या फंक्शनाच्या नोंदीत आणखी एक गोष्ट लिहावीच लागते: यूनिकोडची आवृत्ती. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या यूनिकोड १५.१ मध्ये जोडाक्षर न तोडण्याचा नियम आला. त्याआधीच्या नियमांनी 'महाबळेश्वर'चे ७ तुकडे पडत, कारण 'श्' आणि 'व' वेगळे होत. नव्या नियमाने ६ पडतात. म्हणजे प्रोग्रॅम तोच, स्ट्रिंग तीच, पण लायब्ररी बदलली की उत्तर बदलतं. कोणत्या आवृत्तीपासून कोणता नियम लागू आहे, हे नोंदीत नसेल तर असा फरक शोधण्यात बराच वेळ वाया जातो.

एककाचा प्रश्न फक्त पुस्तकी नाही. मराठी एसएमएस एका संदेशात ७० यूटीएफ-१६ एककांत बसवावा लागतो आणि लांब संदेशाचे भाग केले तर प्रत्येक भागात ६७ उरतात. हळदीचा दर कळवणारा संदेश पायथॉनच्या लेनने मोजला आणि त्यात एखादा इमोजी असला, की हिशेब चुकतो. ओरॅकलमध्ये अक्षरांच्या रकान्याची लांबी मूळ सेटिंगमध्ये बाइटमध्ये धरली जाते, पोस्टग्रेसमध्ये कोडपॉइंटमध्ये. ३० लांबीच्या रकान्यात ओरॅकलला 'महाबळेश्वर' काठोकाठ बसतं, 'कवठेमहांकाळ' बसत नाही. अशी एखादी ओळ 'वापरताना' या मथळ्याखाली दिली की पानाचं मोल वाढतं.

तुकडे पाडणं: काय मोडतं ते दाखवा

स्लाइसच्या, म्हणजे स्ट्रिंगचा तुकडा काढण्याच्या, नोंदीत बहुतेक पानं फक्त सुरुवात आणि शेवट समजावतात. तुकडा चुकीच्या जागी पडला तर काय होतं, हे भाषेनुसार पूर्णपणे वेगळं आहे, आणि तेच लिहायला हवं.

पायथॉनमध्ये 'सांगली'चे पहिले दोन घटक घेतले तर 'सा' मिळतं. अनुस्वार गळतो, चूक दाखवली जात नाही. गोमध्ये 'सातारा'चे पहिले ४ बाइट घेतले तर एक पूर्ण कोडपॉइंट आणि दुसऱ्याचा एक बाइट येतो. प्रोग्रॅम पुढे चालतो आणि पडद्यावर प्रश्नचिन्हाचा चौकोन दिसतो. रस्टमध्ये तोच तुकडा घ्यायला गेलं तर प्रोग्रॅम तिथेच पॅनिक होऊन थांबतो, कारण ४ ही कोडपॉइंटची सीमा नाही. त्याऐवजी गेट वापरलं तर 'काही नाही' असं उत्तर मिळतं. तीन भाषा, तीन वागणुकी: मुकाट्याने अर्थ बदलणं, मुकाट्याने मजकूर बिघडवणं, आणि थांबणं. आपल्या भाषेची वागणूक यांपैकी कोणती, ते स्लाइसच्या नोंदीत एका वाक्यात असलंच पाहिजे.

हद्दीबाहेरचा आकडा दिला तर काय, हेही इथेच. पायथॉनमध्ये 'जत'चा सहावा घटक मागितला तर इंडेक्स एरर येते, पण पाच ते नऊ असा तुकडा मागितला तर रिकामी स्ट्रिंग मिळते. दोन्ही नोंदी शेजारी असूनही वागणूक वेगळी, म्हणून दोन्ही उदाहरणं एकत्र द्या.

उलटं करण्याचं उदाहरण जवळपास प्रत्येक पानावर असतं आणि जवळपास नेहमी इंग्रजी शब्दावर असतं. पायथॉनमध्ये 'मिरज' उलटा केला की 'जरिम' येतं: वेलांटी 'म'ची सुटून 'र'ला चिकटते. हे उदाहरण ठेवा. कोडपॉइंट म्हणजे अक्षर नव्हे, हे समजावणारे दोन परिच्छेद त्याने वाचतात.

फसवी फंक्शनं

काही फंक्शनांची नावं वाचकाला चुकीची कल्पना देतात. त्यांच्या नोंदींवर सर्वांत जास्त वेळ खर्च करावा.

*स्ट्रिप आणि त्याची भावंडं.* पायथॉनच्या आरस्ट्रिपला दिलेला मजकूर हा शेवटचा शब्दतुकडा नसून कोडपॉइंटांचा संच असतो. 'सातारा'तून 'रा' काढायला आरस्ट्रिपला 'रा' दिला, तर 'साता' यायला हवं असं वाटतं, येतं 'सात'. कारण शेवटून काना गेला, 'र' गेला, पुन्हा काना गेला आणि 'त'पाशी थांबलं. शेवटचा तुकडाच काढायचा असेल तर रिमूव्हसफिक्स आहे, पायथॉन ३.९ पासून. गोमध्ये ट्रिमलेफ्ट आणि ट्रिमप्रिफिक्स यांचं नातं हेच. नोंदीत 'संच' हा शब्द, हे उदाहरण आणि शेजारच्या फंक्शनाचं नाव, तिन्ही हवीत.

काहीही न देता स्ट्रिप चालवलं तर कोणत्या स्पेस जातात, हेही लिहा. वेबसाइटवरून किंवा वर्डमधून चिकटवलेल्या नावांमागे न तुटणारी स्पेस हमखास येते. पायथॉनचं स्ट्रिप ती काढतं, जावास्क्रिप्टचं ट्रिमही काढतं. जावाचं ट्रिम फक्त यू+००२० आणि त्याखालची चिन्हं काढतं; जावा ११ मध्ये आलेलं स्ट्रिप यूनिकोडच्या स्पेस ओळखतं, तरी न तुटणारी स्पेस त्यानेही निघत नाही. शून्य रुंदीची स्पेस यांपैकी कोणीच काढत नाही. "आजूबाजूच्या रिकाम्या जागा काढतं" या वाक्याने यातलं काहीही कळत नाही.

*इजअल्फा.* पायथॉनमध्ये 'फलटण' आणि 'जत' यांना हे फंक्शन हो म्हणतं. 'सातारा', 'सांगली', 'मिरज' यांना नाही म्हणतं. कारण ते फक्त यूनिकोडच्या 'लेटर' वर्गातले कोडपॉइंट मान्य करतं, आणि काना, वेलांटी, अनुस्वार हे 'मार्क' वर्गात येतात. नावाच्या रकान्याची तपासणी याने केली, तर बहुतेक मराठी नावं नाकारली जातील. रस्टचं तसंच फंक्शन वेगळा गुणधर्म पाहतं: त्याला 'सातारा'तला प्रत्येक कोडपॉइंट चालतो, पण 'महाबळेश्वर' चालत नाही, कारण पाय मोडण्याचं चिन्ह त्या गुणधर्मात नाही. 'अक्षरं आहेत का ते तपासतं' हे वर्णन दोन्हीकडे सारखं लिहिता येईल आणि दोन्हीकडे दिशाभूल करील. कोणता वर्ग, कोणता गुणधर्म, हे नाव घेऊन लिहा.

रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं, म्हणजे मजकुरातले नमुने शोधण्याच्या सोयीतलं, शब्दचिन्हही याच दुखण्याचं. पायथॉनच्या मूळ मॉड्यूलने 'सातारा'तले शब्द शोधले तर 'स', 'त', 'र' असे तीन शब्द मिळतात.

*अंक.* पायथॉनचं इंट देवनागरी अंकांतला ४१६४१६ मुकाट्याने आकड्यात बदलतं. जावास्क्रिप्टचं नंबर त्यालाच 'आकडा नाही' म्हणतं, गो आणि रस्ट चूक परत देतात. पायथॉनमध्ये अंक तपासणारी तीन फंक्शनं आहेत आणि त्यांच्यातला फरक उदाहरणाशिवाय समजत नाही: वर्गाचं लहान २ इजडिजिटला चालतं, इजडेसिमलला चालत नाही आणि इंटला दिलं तर चूक येते, अर्ध्याचं चिन्ह फक्त इजन्यूमरिकला चालतं. इंटला देण्याआधी तपासायचं असेल तर इजडेसिमल वापरा, हा सल्ला तिन्ही नोंदींत यावा.

*स्प्लिट.* 'मिरज' आणि 'जत' यांच्यामध्ये दोन स्पेस ठेवून पाहा. पायथॉनमध्ये काही न देता स्प्लिट केलं तर दोन घटक, स्पेस देऊन केलं तर मधे एक रिकामा घटक धरून तीन. रिकाम्या स्ट्रिंगवर पहिल्या प्रकारात रिकामी यादी मिळते, दुसऱ्यात एक रिकामा घटक असलेली. विभाजक म्हणून रिकामी स्ट्रिंग दिली तर पायथॉन चूक दाखवतं. जावास्क्रिप्ट मात्र 'मिरज'चे चार तुकडे करून वेलांटी सुटी काढतं.

फाइंड आणि इंडेक्समधला फरक, न सापडल्यास उणे एक की चूक, बहुतेक पानांवर नीट दिलेला असतो. तिथे फक्त रिकामी स्ट्रिंग शोधल्यास ० मिळतो, हे जोडलं की पुरे. रिप्लेसच्या नोंदीत सगळ्या जागा बदलतात की पहिलीच, हे पहिल्या वाक्यात हवं, कारण पायथॉन सगळ्या बदलतं आणि जावास्क्रिप्टचं रिप्लेस साधी स्ट्रिंग दिल्यावर फक्त पहिली.

दोन 'कऱ्हाड' सारखे का नाहीत

समानतेची नोंद सहसा एका ओळीची असते. आपल्याकडे ती अपुरी पडते. 'कऱ्हाड', 'शेतकऱ्यांची', 'दुसऱ्या' यांतला र तीन प्रकारे साठवलेला सापडतो आणि पडद्यावर तिन्ही सारखेच दिसू शकतात:

पहिला, ऱ हा एकच कोडपॉइंट (यू+०९३१), त्यानंतर पाय मोडण्याचं चिन्ह. 'कऱ्हाड'ची लांबी ६.
दुसरा, साधा र आणि त्याला नुक्ता (यू+०९३सी), मग पाय मोडण्याचं चिन्ह. लांबी ७.
तिसरा, साधा र, पाय मोडण्याचं चिन्ह आणि पुढे न दिसणारा जोडक (यू+२००डी). लांबी पुन्हा ७.

पहिला आणि दुसरा यूनिकोडच्या दृष्टीने समान आहेत. एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे समान रूपं एका ठरलेल्या रूपात आणणं, केलं की दुसऱ्याचा पहिला होतो. तिसरा मात्र कोणत्याही नॉर्मलायझेशनने पहिल्यासारखा होत नाही. म्हणजे "तुलनेआधी नॉर्मलाइज करा" हा नेहमीचा सल्ला मराठीत अर्धाच उपयोगी पडतो. ॲचं तसंच: एकच कोडपॉइंट असलेला ॲ (यू+०९७२) आणि अ-वर चंद्र देऊन केलेला, हे दोन एनएफसीनंतरही वेगळेच राहतात.

समानतेच्या नोंदीत म्हणून तीन गोष्टी लिहा. तुलना कोडपॉइंटने होते, दिसण्याने नाही. नॉर्मलायझेशन आपोआप होतं का: पायथॉन, जावा, गो यांत होत नाही, स्विफ्ट मात्र तुलना करताना समान मानलेली रूपं समानच धरतं. आणि नॉर्मलायझेशननेही न जुळणारी रूपं असतात, उदाहरणासकट. यावर उपाय वापरणाऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये करायचा असतो: तुलनेआधी 'र, पाय मोडणं, जोडक' या क्रमाच्या जागी 'ऱ, पाय मोडणं' घालायचं. सगळे जोडक सरसकट काढून टाकू नयेत. तसं केलं तर र वर रफार होऊन चढतो, आणि कुटुंबाच्या चित्रासारखे जोडून बनणारे इमोजीही सुटे होतात.

नॉर्मलायझेशनच्या नोंदीत एक चुकीचं वाक्य पुष्कळदा आढळतं: एनएफसीने लांबी कमी होते किंवा तेवढीच राहते. क़, फ़ यांसारख्या नुक्त्याच्या अक्षरांचे स्वतंत्र कोडपॉइंट (यू+०९५८ ते यू+०९५एफ) एनएफसीमध्ये उलट सुटे होतात, लांबी वाढते. हे वाक्य दिसलं तर दुरुस्त कराच.

क्रम लावणं

थोडक्यात: भाषेचं मूळ सॉर्ट कोडपॉइंटच्या आकड्याने लावतं. यूनिकोडमध्ये ळ हा ल-च्या लगेच पुढे, व-च्या आधी आहे. मराठी वर्णमालेत तो ह-नंतर येतो. म्हणून सॉर्ट 'कळस' आधी ठेवतं आणि 'कवठेमहांकाळ' नंतर, शब्दकोशात मात्र उलट असतं. नोंदीत हे उदाहरण द्या आणि भाषेनुसार क्रम लावणारी सोय कुठे आहे ते सांगा, जसं जावास्क्रिप्टमध्ये इंटल-कोलेटरला मराठीचा 'एमआर' हा संकेत देणं.

उदाहरणं चालवून पाहता येतील अशीच लिहा

नुसतं वाचायला दिलेलं उदाहरण भाषेच्या पुढच्या आवृत्तीत खोटं ठरू शकतं आणि कोणाला कळतही नाही. पायथॉनमध्ये डॉकटेस्ट उदाहरण चालवून उत्तर अक्षरशः ताडून पाहतं, म्हणून पुढच्या-मागच्या स्पेस आणि अवतरणचिन्हं तंतोतंत लागतात. अपेक्षित उत्तरात रिकामी ओळ असेल तर त्यासाठी ठरलेली खूण घालावी लागते. डॉकस्ट्रिंगमध्ये बॅकस्लॅश असलेलं उदाहरण असेल तर ती रॉ स्ट्रिंग (बॅकस्लॅशला खास अर्थ न देणारी) करा. नाहीतर उदाहरण चाचणीपर्यंत पोचण्याआधीच बदलतं. गोमध्ये उदाहरणाच्या फंक्शनच्या शेवटी 'आउटपुट'ची कॉमेंट नसेल तर ते फक्त कंपाइल होतं, चालवलं जात नाही. ही कॉमेंट विसरणं अगदी सहज घडतं. रस्टमध्ये डॉक कॉमेंटमधले कोडचे भाग कार्गो टेस्टबरोबर चालतात. प्रोग्रॅम थांबवणारं उदाहरण असेल तर त्यावर 'पॅनिक अपेक्षित' ही खूण द्या.

सारख्या दिसणाऱ्या स्ट्रिंगची उदाहरणं कोडपॉइंटच्या आकड्यांत लिहा आणि शेजारी देवनागरीत दाखवा. फक्त देवनागरीत लिहिलेले तीन 'कऱ्हाड' वाचकाला वेगळे ओळखता येणार नाहीत, आणि एखादा एडिटर फाइल जतन करताना त्यांना एकसारखंही करून टाकील. पायथॉनचं आस्की फंक्शन हे आकडे आयते काढून देतं.

बदल पाठवणं

एका वेळी एकच फंक्शन किंवा एकच जोडी घ्या. वीस नोंदींचा एकत्र बदल तपासणाऱ्याला झेपत नाही आणि पडून राहतो. 'आरस्ट्रिपच्या नोंदीत संच हा शब्द आणि रिमूव्हसफिक्सकडे दुवा' एवढा बदल दहा मिनिटांत वाचून होतो.

पायथॉनमध्ये स्ट्रिंगच्या पद्धतींचं संदर्भ पान डॉक फोल्डरमधल्या लायब्ररीत, अंगभूत प्रकारांच्या फाइलमध्ये आहे, आणि ते रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये लिहिलेलं असतं. पण हेल्प लिहिल्यावर दिसणारा मजकूर तिथला नसतो. तो सी भाषेतल्या मूळ फाइलमधून येतो. एका जागी दुरुस्ती करून दुसरीकडे जुनंच वाक्य राहणं हा नेहमीचा घोळ आहे, तेव्हा दोन्ही पाहा. डॉक फोल्डरमध्ये मेक एचटीएमएल आणि मेक डॉकटेस्ट या आज्ञा चालवा, इशारे शून्य आल्यावरच पुढे जा. बदल मुख्य शाखेवर करा. जुन्या आवृत्त्यांवर तो न्यायचा की नाही, ते देखभाल करणारे ठरवतात. योगदानाचा करार एकदा भरावा लागतो. शुद्धलेखनासारख्या किरकोळ दुरुस्तीला आधी तक्रार नोंदवायची गरज नसते.

सोबतच्या वर्णनात मत नको, पुरावा द्या: कोणत्या आवृत्तीवर काय चालवलं, काय आलं, पानावर काय लिहिलं आहे. वागणूक बदलायला हवी असं वाटत असेल तर तो स्वतंत्र विषय. त्याच बदलात मिसळू नका. आवृत्तीची नोंद ठेवणाऱ्या खुणा, म्हणजे 'अमुक आवृत्तीपासून', 'अमुक आवृत्तीत बदललं', या फक्त वागणूक बदलली असेल तरच लावायच्या. वाक्य सुधारलं म्हणून त्या लावल्या तर वाचकाला वाटतं फंक्शनच बदललं.

पाठवण्याआधी नोंद अशा कोणाला तरी द्या, ज्याने ते फंक्शन वापरलेलं नाही. सांगलीच्या वालचंद कॉलेजात किंवा कऱ्हाडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला असलेली मुलं यासाठी अगदी योग्य. त्यांना पान द्या, संगणक देऊ नका, आणि पाच प्रश्न विचारा: 'सांगली'ला हे काय उत्तर देईल, रिकाम्या स्ट्रिंगला काय, न सापडल्यास काय, मूळ स्ट्रिंग बदलते का, आणि हे नको असेल तर दुसरं काय वापरायचं. ज्या प्रश्नाला दोघांची उत्तरं वेगळी आली, तिथलं वाक्य पुन्हा लिहा. समजावून सांगायचा मोह आवरा, कारण पान वाचणाऱ्याजवळ तुम्ही बसलेले नसता.

तपासणाऱ्याने देवनागरी उदाहरणाला हरकत घेतली, त्याच्या टर्मिनलमध्ये ते नीट दिसत नाही म्हणून, तर उदाहरण काढू नका. आकड्यांतलं रूप मुख्य ठेवा, देवनागरी कॉमेंटमध्ये न्या, आणि इंग्रजी शब्दावर तीच चूक का दिसत नाही ते एका ओळीत लिहा.